रेडिओचा गुन्हा

मी एकदा चुगली केली आहे. पन्नाशीला आल्यावर ती कबूल करायला बसलो आहे, आणि लिहिताना हसू येतं आहे याचीही थोडी लाज वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आरोंद्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मी पोस्टात कारकून होतो. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागे. पोस्टातून एक पुस्तिका मिळायची आणि दरवर्षी तिच्यावर नवं तिकीट चिकटवून घ्यायचं. विसरलात तर गुन्हा; समन्स, कोर्ट, सगळं आलं. कायदा इंग्रजांच्या वेळचा. पुस्तिका देणारा मी, आणि माझ्याच खोलीतल्या ट्रान्झिस्टरची पुस्तिका मी काढलेली नव्हती.

एक दिवस तपासणीस आले. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" माझी खोली पोस्टाच्या मागेच होती. 

"साहेब, आधी खाडीवरच्या घरात जा," मी म्हणालो. "तिथे मोठा रेडिओ आहे. पुस्तिकेची मुदत संपली आहे."

ते घर गावच्या शाळेतल्या ख्रिस्ती बाईंचं. बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाने आणलेल्या रेडिओवर त्या रोज संध्याकाळी कोंकणी गाणी लावत आणि खिडकी उघडी ठेवत, म्हणजे बांधावर बसलेल्यांनाही ऐकू यावीत. तपासणिसांनी रेडिओ जप्त केला आणि माझी खोली विसरून तसेच परत गेले. तो सावंतवाडीच्या कोर्टात मुद्देमाल म्हणून गेला आणि बाई आरोपी झाल्या.

दुसऱ्याच दिवशी गावातले बाकीचे रेडिओ भाताच्या कणगीत लपले. बातम्या ऐकायच्या तर कणगीत डोकं घालायचं. शेजारच्या आजोबांच्या मिशांना तेव्हापासून कायम तूस लागलेलं दिसे.

बाई मात्र तारखेमागून तारखेला एसटीने सावंतवाडीला जात. जाताना पोस्टात डोकावत, मुलाचं पत्र आलंय का विचारत आणि घरी भाजलेला पाव माझ्या हातावर ठेवत. "एकटो ऱ्हवतंस, खा रे." मी तो खात असे. दोन वर्षं खाल्ला. तोंड उघडलं ते फक्त खायला.

मग एका सकाळी टपालातून परिपत्रक आलं. रेडिओचं लायसन्स रद्द! मी ते तीनदा वाचलं आणि पोस्ट उघडं टाकून शाळेकडे धावलो. पुढच्याच तारखेला सरकारने खटला मागे घेतला, पण बाईंचा रेडिओ परत दिसेपर्यंत गावात कुणी कायदा गेल्यावर विश्वास ठेवेना. रेडिओ आणायला मी रजा काढून बाईंबरोबर गेलो. परतीच्या गाडीत तो माझ्या मांडीवर होता. तिथे मी सगळं सांगून टाकलं, माझ्या ट्रान्झिस्टरसकट.

 आमच्या थांब्यावर उतरल्यावर बाई म्हणाल्या, "आमच्यात पाद्रीक पाप सांगतत. तो प्रायश्चित्त देता. तुका मी देतंय. हो रेडिओ खांद्यार घे नि दर घरात जा. कायदो गेलो म्हणून सांग. माझा नाव कोणी सांगितल्यान, ता पण सांग."

पहिलं घर आजोबांचं. ते कणगीतच होते.

"आजोबा, बाहेर या. कायदा गेला. आणि बाईंचं नाव मी सांगितलं होतं."

"तू? कित्याक रे?"

"माझ्याकडेही लायसन्स नव्हतं."

 आजोबा पोट धरून हसले. "मेल्या! दोन वर्सां तुझ्यापायी मी तूस खातंय!"

आपला रेडिओ बगलेत मारून ते माझ्या मागून निघाले. पुढच्या घरी तर त्यांनीच आधी ओरडून सांगितलं, "गो, भायर ये! चोर इलो आसा कबूल करूक!" दर घरी माझी कबुली, दर घरी शिव्या आणि हशा, आणि दर घरातून तूस झटकत एकेक रेडिओ बाहेर. बाईंच्या ओसरीवर पोहोचलो तेव्हा मागे वरात होती. सगळ्यांनी रेडिओ ओळीने मांडून एकच गाणं लावलं. कुणाचा घोगरा, कुणाचा चिरका. बाईंचा मधोमध, सगळ्यात खणखणीत. बाया नाचायला लागल्या. मला वाटलं, सुटलो.

बाईंनी गाण्यावर ताल धरतच मला जवळ बोलावलं. "प्रायश्चित्त अजून संपूक नाय हां. उद्या धा वाजता शाळेत ये. पोरांक पण कळाक व्हया."

मी गेलो. चौथीच्या वर्गाने मला दोनदा सांगायला लावलं.