'येतो' म्हंजी गेला!

सोनवणे सर शेवटचे आमच्याकडे आले ते चहाच्या वेळेला. शेवगावात आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर, त्यामुळे यायला निमित्त लागत नसे. बशीत ओतून चहा प्यायले, आलं कमी पडलं म्हणून मला बोलले, माझ्या नवऱ्याकडून कालचा पेपर मागून घेतला आणि फाटकाशी चपलेचा अंगठा सारखा करत म्हणाले, "येतो, बाई." मी आतूनच "या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले तर त्यांच्या दारात माणसं जमलेली. झोपेतच गेले म्हणे... तो पेपर अजून त्यांच्याच घरी आहे.

हे मी रडायला लिहीत नाही. रडून झालं. मला राग आलाय, आणि तो कुठेतरी ओतल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही नोकरी काढली. त्यांचा स्वभाव गार पाण्याचा, माझा तापल्या तव्याचा. "बाई, तुम्ही चिडा, मी चहा सांगतो," अशी आमची कामाची वाटणी. तीच वाटणी मी आजही पाळते आहे, एवढंच.

निवृत्त झाल्यावर सर पुण्याला मुलीकडे, पल्लवीकडे, अधूनमधून राहायला जायचे. ती आणि जावई दिवसभर कामावर. फ्लॅटमध्ये भिंती बघून कंटाळले की सर जवळच्या भल्यामोठ्या मॉलमध्ये जाऊन बसायचे. फुकटचा गारवा, वर बसायला बाक! सरकत्या जिन्यासमोर बसून माणसं बघायची. एकदा मीही पुण्यात होते, तर मला तिथे घेऊन गेले. मला वाटलं काही खरेदी असेल. कसली खरेदी! नऊवारीतल्या एक आजी त्या जिन्यापुढे पाय उचलायच्या आणि परत खाली ठेवायच्या, नातसून खाली पोचून हातवारे करत होती. सर बघत होते. मग एकदम म्हणाले, "बाई, इथं खिडकी नाही. भिंतीवर घड्याळ नाही. दिवस आहे का संध्याकाळ, कुणाला पत्ता नाही. खुनाला याहून चांगली जागा सापडणार नाही." शेजारी बसलेल्या बाईने आपली पिशवी उचलली आणि ती पलीकडच्या बाकावर गेली. मला हसू आवरेना.

त्यातून 'सरकता जिना' ही कादंबरी झाली. सरांची एकुलती एक. ज्यांनी वाचली नाही त्यांना मी गोष्ट सांगते, शेवटासकट सांगते, कारण तो शेवट छापणाऱ्यांनी आधीच मारून टाकलाय. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर घड्याळांचं दुकान. मालक आतल्या खोलीत मेलेला सापडतो. त्या खोलीला मागून दुसरं दार, सामानाच्या लिफ्टकडे जाणारं. बाहेर काउंटरवर झारखंडहून आलेली एक मुलगी, मराठी जेमतेम कळणारी. ती पोलिसांना सांगते, सहाच्या सुमाराला बंद दाराआडून आवाज आला, "आता हूँ." पोलीस म्हणतात, झालं! मागून कुणीतरी हाक मारली, मालकाने 'आलो' म्हणून ओ दिली, म्हणजे सहाला मालक जिवंत होता. आणि सहानंतर त्याचा भागीदार तळमजल्यावर चारचौघांत बसून डोसा खात होता. कॅमेऱ्यात दिसतोय. भागीदार सुटला, तपास अडला.

मग येते कमळाबाई. आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडची, पोलिसात फौजदार होऊन निवृत्त झालेली, पुण्यात लेकाकडे राहायला आलेली, गुंडांना न भिणारी आणि सरकत्या जिन्याला भिणारी. ती त्या पोरीला समोर बसवते आणि म्हणते, "हिंदी करून नगं सांगू. कानावर काय पडलं, त्येच सांग." पोरगी आठवून आठवून म्हणते, "येतो." कमळाबाई कपाळाला हात लावते. "आगं, येतो म्हंजी गेला की त्यो!"

बस. सगळी कादंबरी त्या एका वाक्यावर उभी. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? चुकून म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालते, "येतो म्हण मेल्या!" म्हणून. मालकाने कुणाला ओ दिलीच नव्हती. तो तेव्हा मरून पडला होता. खून करून मागच्या दाराने निघालेला भागीदार उंबऱ्यावर सवयीने बोलून गेला, "येतो." हात रक्ताने भरले तरी जिभेवरचं वळण जात नाही, हे सरांना सांगायचं होतं. त्यांनी हस्तलिखित वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. गणितात पायरी चुकत नाही तशी त्या शेवटात पायरी चुकलेली नव्हती.

पुण्याच्या प्रकाशकाने पुस्तक घेतलं. सरांनी मुद्रितं तपासून दिली, सगळं जागच्या जागी होतं. आणि मग तिथल्या कुणा नव्या दमाच्या संपादकाने छपाईआधी 'शेवटचा हात' फिरवला. निघालेला माणूस 'येतो' कसा म्हणेल, असा त्या शहाण्याला प्रश्न पडला म्हणे. त्याने दोन्ही ठिकाणी 'जातो' करून टाकलं! छापून आलं ते असं... मुलगी म्हणते, "जातो." कमळाबाई म्हणते, "अगं, जातो म्हणजे गेला की तो!" वा रे वा. यासाठी फौजदार कशाला हवी? बालवाडीतलं पोर सांगेल. कमळाबाईची अकोल्याची बोलीसुद्धा इस्त्री करून घडी घातलेली. आणि आधीच्या प्रकरणातलं 'आता हूँ' मात्र तसंच. म्हणजे पोरीने 'जातो' ऐकलं आणि 'आता हूँ' सांगितलं? एका परीक्षकाने उकल बाळबोध आहे म्हणून टोमणा मारला. त्याचंही काय चुकलं म्हणा, त्याच्यापुढे जे वाढलं ते त्याने खाल्लं.

सरांनी प्रकाशकाला माझ्यासमोर फोन केला. नुसतं एक शुद्धिपत्र आत घाला, एवढंच मागणं. तिकडून उत्तर आलं, "सर, एका शब्दाने काय एवढं आभाळ कोसळतंय? दुसऱ्या आवृत्तीत बघू की." सर "बरं" म्हणाले. बरं! मी त्यांच्या हातातून फोन हिसकावून घेणार होते, पण तोवर त्यांनी ठेवलासुद्धा. "बाई, चिडून अक्षर बदलत नाही," म्हणाले आणि खिशातलं निळं शाईपेन काढलं.

तेव्हापासून सर ज्या घरी 'सरकता जिना' असेल त्या घरी पेन घेऊन जायला लागले. चहा व्हायचा, ख्यालीखुशाली व्हायची, मग हळूच विचारायचे, "पुस्तक आहे का हाताशी?" 'जातो'वर एक बारीक रेघ आणि वर सुबक अक्षरात 'येतो'. लग्नाला काष्टीला गेले तर मांडवात जेवणं सोडून पाहुण्यांचं कपाट उघडायला लावलं. अकोल्याच्या वाचनालयात एसटीने जाऊन आले. नगरला एका दुकानदाराने तर खेकसून विचारलं, "ओ काका, नवीन पुस्तकावर काय गिरगटताय?" सरांनी ती प्रत विकत घेतली, दुरुस्त केली आणि त्यालाच भेट देऊन आले. सरांच्या पत्नी सुमनवहिनी कपाळाला हात लावायच्या. "लोकं पावन्याकडं जाताना बिस्किटाचा पुडा नेत्यात, आमचं येडं पेन नेतंय." मी भांडायचे, की सर, वकिलाची नोटीस पाठवा. ते म्हणायचे, दुसरी आवृत्ती नीट आली की झालं, तेवढं बघून मी मोकळा. त्यांना सत्कार नको होता, पुरस्कार नको होता. एक शब्द परत हवा होता!

सर गेल्यावर शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. एका वक्त्याने कादंबरीचं नाव 'सरता जिना' सांगितलं. दुसऱ्याने कमळाबाई म्हणजे सरांची आई असावी असं सांगून डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत दात ओठ खात बसले होते. शेवटी प्रकाशक उठले, पुण्याहून मुद्दाम आले होते, आणि सरांची आठवण म्हणून आपण 'सरकता जिना'ची दुसरी आवृत्ती काढतो आहोत असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेसुद्धा कुणाला सुचलं नाही. पण खरं सांगते, मीसुद्धा वाजवल्या. वाटलं, चला, गेल्यावर का होईना, माणसाचं ऐकलं.

गेल्या आठवड्यात ती आवृत्ती आली. गुळगुळीत कागद, आत सरांचा काळ्या चौकटीतला फोटो, मागे प्रकाशकांचं मनोगत. मी उभ्याउभ्याच शेवटचं प्रकरण काढलं. "जातो." "अगं, जातो म्हणजे गेला की तो!" माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे फोन लावला. आणि तो गृहस्थ मला काय म्हणावा? "अहो मॅडम, सर होते तेव्हाच कळवायला हवं होतं ना!" याला काय म्हणायचं सांगा. जिवंतपणी त्यांना दुसऱ्या आवृत्तीकडे बोट दाखवलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत म्हणे सर असतानाच सांगायचं होतं! मी काय काय बोलले ते पेपरच्या या पुरवणीत छापण्याजोगं नाही. तिसऱ्या आवृत्तीत बघू म्हणाला.

तणतणत मी वहिनींकडे गेले. त्या सरांच्या खोलीत, सरांच्या पाटाएवढ्या बुटक्या मेजापाशी बसल्या होत्या. शेजारी नव्या प्रतींचा गठ्ठा सुटलेला. हातात सरांचं निळं पेन. चष्मा नाकावर ओढून एकेका प्रतीत तेच पान उघडत होत्या. अक्षर सरांसारखं सुबक नव्हतं, 'ये'ची मात्रा वाकडी जात होती. रेघ मात्र अगदी तशीच, बारीक.

"तुमी फोनवर भांडून आल्या आसाल," वर न बघता म्हणाल्या.

"मग काय करू?"

"बसा. दुसरं पेन त्या डब्यात हाय."

मी बसले. दोघी गठ्ठा संपेपर्यंत रेघा मारत राहिलो. मधे एकदा वहिनी थांबल्या, सरांच्या फोटोवरून पदर फिरवला... आणि पुढची प्रत घेतली. अंधारून आलं तशी मी उठले. दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, गुपचूप उठून जायचं असतं. सर गेल्यापासून मी तसंच करत होते. त्याही दिवशी न बोलता चपला घातल्या आणि पायरी उतरले.

"बाई," वहिनींनी आतून हाक मारली. पेन अजून हातातच होतं. "म्हना की. ह्या घरात त्यो शब्द आता कुनी खोडायचा न्हाई."

फाटकाशी थांबून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "येते, वहिनी."

"या," त्या म्हणाल्या.