रझिया मॅडम आणि विषाणूंचा तास

रझिया मॅडम शिकवताना ‘कळलं का?’ असं कधी विचारत नसत. त्या विचारायच्या, ‘कुठं अडकलात?’ ‘कुठंच नाही’ म्हणणाऱ्याला फळ्यापाशी बोलावून तोच भाग सांगायला लावायच्या, आणि तो हमखास अडकायचा.

भूकंपानंतर आम्ही औशाकडच्या आमच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला तिथं पाठवलं. मॅडम मूळच्या उदगीरच्या, शिंप्याच्या घरातल्या. जीवशास्त्र शिकवायच्या.

विषाणूंच्या तासाला मात्र सगळा वर्गच अडकला. विषाणूला पाय नाहीत, तोंड नाही, तो श्वास घेत नाही. वाहत येतो आणि पेशीच्या अंगावर नेमक्या जागी चिकटतो. बऱ्याचदा पेशीच त्याला आत ओढून घेते. आत त्याचं वेष्टन उतरतं, त्याच्यातल्या सूचना मोकळ्या होतात, आणि पेशी आपलं काम सोडून त्याच्याच नकला काढत बसते. मी विचारलं, पेशीला हे कळत कसं नाही?

“तिला वाचून कामाला लागायचं ठाऊक हाय,” मॅडम म्हणाल्या. “कुणी लिहिलंय ते बघायचं ठाऊक न्हाई.”

मग विषाणू जिवंत की निर्जीव? परीक्षेत काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. वर हेही सांगितलं की त्या स्वतः अजून गोंधळातच आहेत. पालकांनी तक्रार केली, की या बाई पोरांचा गोंधळ वाढवतात. क्लासच्या संचालकांनी त्यांना ताकीद दिली.

त्याच आठवड्यात मॅडम रेबीज शिकवत असताना मी सहज बोलून गेले, की अण्णांनाही परवा कुत्रं चावलं. आमच्या देवणी जातीच्या वासरावर धावून आलेलं भटकं कुत्रं हाकलताना मनगटाला दात लागले होते. हळद लावली, जखम सुकत आली. मॅडमनी विचारलं, सुई घेतली का? नाही म्हटल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, भरलेला वर्ग तसाच सोडला आणि मला घेऊन एसटी गाठली.

अण्णा गोठ्यात वैरण टाकत होते. मला काय धाड भरलीय, म्हणाले. मलाही ते धडधाकटच दिसत होते. मॅडमचं खरं मानावं की डोळ्यांना दिसतंय ते, काही समजेना.

“भाऊ, जखम सुकली म्हणजे तो गेला असं न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “नसेतून मेंदूकडं चालला असंल. तिथं पोचला की कुठलाच डॉक्टर काही करू शकत न्हाई.”

“आन् कुत्रं चांगलं असंल तर?”

“तर सुया उगाच टोचल्या म्हणायचं.”

अण्णा बराच वेळ वासराच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग पायांत चपला घातल्या. संध्याकाळी लातूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांना पहिली सुई टोचली. दुसऱ्या दिवशी संचालकांनी मॅडमना घरी बसवलं.

काही दिवसांनी त्यांना नांदेडच्या एका शाळेत काम मिळालं. निरोपाला अण्णाही स्टँडवर आले. ते कुत्रं पुन्हा कुणाला दिसलं नव्हतं.

“ताई, माझ्यापायी तुमची नोकरी गेली,” अण्णा म्हणाले. “ते पिसाळलेलं नसंलच तर?”



“नसंलबी. आता कुणालाच कळणार न्हाई.” मग पिशवी उचलत मॅडम म्हणाल्या, “शेवटची सुई राहिलीय, भाऊ. चुकवू नका.”

बस निघून गेली. गावाकडच्या गाडीची वाट न बघता अण्णा दवाखान्याच्या रस्त्याला लागले.