डोलकाठ्या आणि भाताची खळ

सकाळी दिवा लावला आणि बघते तर काय! टेबलावरच्या जहाजाच्या तिन्ही डोलकाठ्या बुडापासून तुटल्या होत्या. बाजूच्या ट्रेमध्ये निजवल्यासारख्या पडल्या होत्या, आणि शेजारी एक चिठ्ठी.

इथे जपानात, ओजिमातल्या एका वर्कशॉपमध्ये मी बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ झाडलोट. मालक आजोबा छोटी लाकडी जहाजं बनवतात. हे फ्रान्सचं जुनं लढाऊ जहाज. त्याची हकिगत त्यांनी मला भाषांतर करणाऱ्या फोनवरून सांगितली होती. दोन मजले तोफा, कितीतरी लढाया. मग इंग्रजांनी पकडलं, झेंडा बदलला आणि त्याच्याच लोकांवर सोडलं. माझी शाळा आठवीत सुटली. इतकं मन लावून मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

आणि आदल्या संध्याकाळी त्याच जहाजावरची धूळ मी झटकली होती.

चिठ्ठी जपानीत. उद्यापासून येऊ नकोस, दुसरं काय असणार! तिच्यावर फोन धरून वाचून घ्यायची हिंमत होईना. नवऱ्याला लावला. ते हॉटेलच्या किचनमध्ये कांदे चिरत होते.

"अहो, माझ्या हातून जहाज मोडलं."

"कितीदा सांगितलं, खालचं झाड, वरच्याला हात लावू नकोस!"

"आता काय करू?"

"माफी माग. आणि रडू नकोस, तिथे रडलेलं चालतं का काय माहीत."

आजोबा यायला अर्धा तास होता. फळीवर डिंकाच्या बाटल्या होत्या, पण कुठली कशाची, वाचता येईना. शेवटी माझा जेवणाचा डबा उघडला. लहानपणी पतंगासाठी करायचो तशी भात घोटून खळ केली आणि काठ्या उभ्या केल्या.

आजोबा आले. मी कमरेत वाकले ती वाकलेलीच. त्यांनी जहाज सगळीकडून निरखलं. मग फोनशी काहीतरी पुटपुटले. फोनमधली बाई सगळं एकाच सुरात बोलते, माणूस चिडलाय की हसतोय, कळत नाही.

"मी काल त्या कापल्या. चिठ्ठीत लिहिले आहे, घाबरू नका."

त्यांनी काठीच्या बुडाला बोट लावलं, वास घेतला. "गोहान?" भात, एवढं मला कळलं. मी मान डोलावली.

"माझे वडील सुतार होते," फोनमधली बाई म्हणाली. "तेही भाताने चिकटवत. बाटलीतले लावले असते तर निघाले नसते."

ओल्या कोमट फडक्यानं त्यांनी काठ्या सोडवल्या. जहाज म्हातारं झाल्यावर इंग्रजांनी त्याच्या काठ्या उतरवल्या आणि बंदरात बांधून त्याचा तुरुंग केला, हे मला तेव्हा कळलं. कैदी फ्रेंचच. आजोबांना तो तुरुंग करायचा होता. कैदी दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे, ते कपडे करायचं काम त्यांनी मला दिलं. जुन्या ओढणीतून मी नखाएवढे सदरे कापले. त्यांची घरची माणसं कुठे असतील, असं सारखं मनात यायचं.

अजूनही सकाळी दिवा लावला की आधी ट्रेकडे बघते, मग जहाजाकडे. चिठ्ठी दिसली की मात्र आता लगेच फोन धरते. परवाचीत होतं: सदऱ्यांना बाह्या हव्यात.