मुदतकाका आणि चुकीचे गुरुजी

मुदतकाका कोणत्याही घरमालकाच्या दारात उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "जरा पाणी मिळेल का?" भर पावसाळ्यातसुद्धा. पिशवीत स्वतःची भरलेली बाटली असली तरी ती आणखी खाली दडपून. पाणी आलं की घोट घोट करून प्यायचे आणि तांब्या परत देताना म्हणायचे, "गोड आहे हो तुमच्याकडचं पाणी." सगळ्या गल्लीला एकाच टाकीतून पाणी येतं, हे मी त्यांना बऱ्याचदा सांगून पाहिलं. "ताई, ज्यानं आपल्याला पाणी पाजलं त्याला लगेच आपल्यावर ओरडता येत नाही. पाच मिनिटं तरी जातात. मला तेवढी पुरतात." दिवसाला पाच घरं झाली की पाच घरांचं पाणी पोटात. त्यामुळे सहाव्या घरी त्यांचं पहिलं वाक्य वेगळं असायचं, आणि मला दाराबाहेर ताटकळत उभं राहावं लागायचं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. महापालिकेने तेव्हा प्रायोगिक म्हणून भाडेकरू मदत कक्ष सुरू केला होता. आजारपणात काम सुटलं, भाडं थकलं, मालक निघा म्हणतोय, अशा लोकांनी आमच्याकडे यायचं आणि आम्ही मालकाशी बोलायचं. मी समूह संघटक. बचत गटांमुळे पंचवटीतल्या निम्म्या बायका मला ओळखत होत्या, म्हणून मला तिथे बसवलं. काकांना जन्म-मृत्यू नोंदणीतून आणलं, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. कक्षाकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक, फार तर दोन महिन्यांचं भाडं, तेही थेट मालकाच्या खात्यात. दुसरी गोष्ट म्हणजे काका.

मालकाकडून मुदत मागून आणणं हे त्यांचं काम, म्हणून मुदतकाका. त्यांचं म्हणणं असं, की मालक-भाडेकरूचं भांडण मिटवण्याच्या फंदात पडायचंच नाही. "भांडण आहे तिथं राहू द्या. आपण फक्त तारीख हलवू." ती हलवायची पद्धत मी इतक्या वेळा पाहिली की मला पाठ झाली. चहा झाला की ते भिंतीवरची दिनदर्शिका मागून घ्यायचे आणि मांडीवर पसरायचे. मार्चात कसं काढणार, मुलांच्या परीक्षा. एप्रिल-मे म्हणजे ऊन, म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठे फिरतील. जूनमध्ये शाळा सुरू. मग चातुर्मास. पितृपक्षात तर कोणी घर बदलतच नाही. दिवाळीत कोणाला घराबाहेर काढलं तर तुम्हालाच फराळ गोड लागणार नाही. पानं उलटता उलटता मालकाच्या लक्षात यायचं, की भाडेकरू काढायला वर्षात योग्य असा एकही महिना नाही. हिरावाडीतल्या एका मालकाने भाडेकरूची खाट रस्त्यावर आणून टाकली होती. काका त्या खाटेवर बसले, शेजारी मालकाला बसवून घेतलं आणि बाराही महिने वाचून दाखवले. संध्याकाळी मालकानेच एका बाजूने धरून खाट आत नेली. दुसऱ्या बाजूने मी धरली. काका दार उघडून उभे होते.

भाडेकरूंना मात्र ते लाडावत नसत. मालकाकडे जाण्याआधी खोली पाहायचे. नळ ठिबकत असला, भिंतीत नको तिथे खिळे असले, जिन्यात चपलांचा ढीग असला की तिथेच तोंडाचा पट्टा सुरू. "मी तुमच्यासाठी तिकडे गोड बोलायचं आणि तुम्ही इकडे त्याच्या भिंतीला भोकं पाडायची?" एका रिक्षावाल्याला त्यांनी आधी मोरी घासायला लावली, मग त्याचा अर्ज घेतला. त्याची बायको मला हळूच म्हणाली, "ताई, ह्यांना दर महिन्याला पाठवा ना."

काकांचा एकच दुर्गुण आमच्या कामाला मारक होता. ते पत्ता वाचत नसत. मी अर्जावर मिळकत क्रमांक, खुणेची जागा, मालकाचा फोन, सगळं नीट लिहून द्यायची. काका कागदाची घडी करून खिशात घालायचे. "पत्ता कागदावर नसतो ताई, गल्लीत असतो. कोणालाही विचारा, सांगतात." काका मूळचे देवळ्याचे; त्या छोट्या गावात हे तत्त्व खरं असेल. पंचवटीत एकदा ते चांगलंच महागात पडलं.

त्या दिवशी मी मीटिंगला होते, म्हणून ते एकटेच गेले. अर्जदार होती एका गुरुजींच्या मागच्या खोलीत राहणारी बाई, शिवणकाम करणारी. काकांनी कोपऱ्यावर विचारलं, "गुरुजींचं घर कुठलं हो?" आता घाटाजवळच्या त्या गल्लीत तीर्थविधी करणारे गुरुजी दर तिसऱ्या घरात आहेत. ज्याला विचारलं त्याने समोरचं पहिलं घर दाखवलं. त्या गुरुजींकडेही मागे खोली होती, खोलीत एक बाई राहत होती. पाणी झालं, चहा झाला, दिनदर्शिका झाली. काका विजयी चेहऱ्याने परत आले. "सहा महिने मिळवले! गुरुजी सज्जन माणूस. थोडे बावचळल्यासारखे वाटले, पण नाही म्हणाले नाहीत."

तिसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या साडीला चिकटलेली एक बाई आमच्या टेबलाशी आली. नाव शोभा. फुलांचे हार करून घाटावर विकायची.

"इथं मुदत मागणारे काका कोण?"

"मीच," काका खुशीत म्हणाले. "बसा ताई. सहा महिन्यांची काळजी मिटली ना?"

"काका, मला कुणी काढतच नव्हतं."

काकांचा हात पेनावरच राहिला.

"नऊ वर्षं झाली मला तिथं. गुरुजी कधी वाकडं बोलले नाय. काल म्हणतात, शोभे, महापालिकेचा माणूस येऊन तुझ्यासाठी सहा महिने मागून गेला, मी दिले. म्हणजे सहा महिन्यांनी खोली मोकळी व्हायची ना? तवा सिंहस्थ मेळ्याला पूजा करवायला येणारे यजमान उतरतील." तिने पदराने तोंड पुसलं. "फुलबाजारातून पहाटे माल आणते, सासूबाई नि मी हार करतो आणि उजाडायच्या आत गंगेवर बसते. आडगावला खोली घेऊ? तिथून पहिली रिक्षा मिळेपर्यंत दुसऱ्या बायांचे हार खपून जातील. आणि सासूबाईंना एका डोळ्यानं दिसत नाय. त्यांना ती खोली हातानं पाठ आहे."

मी खऱ्या गुरुजींना फोन लावला. ते प्रकरण दहा मिनिटांत, पाणी न पिता मिटलं. हे मी काकांना ऐकवलंही. एरवी त्यांनी मला सोडलं नसतं, पण त्या दिवशी त्यांनी खिशातला अर्ज काढला, घडी उलगडली आणि त्यावरचा पत्ता वाचला. हे मात्र मला नवीन होतं.

संध्याकाळी आम्ही चुकीच्या गुरुजींकडे गेलो. गुरुजी अगदी मोकळे. "अहो, मला सुचलंच नव्हतं! यजमानांचे फोन येतायत, चार पिढ्या आमच्याकडेच उतरतात. यंदा कुठे ठेवू या विवंचनेत होतो, आणि तुम्ही देवासारखे आलात." काकांनी सवयीने दिनदर्शिकेकडे हात नेला. गुरुजींनी तो हातानेच थांबवला. "काका, तिथी मला नका सांगू. चाळीस वर्षं मुहूर्त काढतोय मी. खोली मला सिंहस्थातच हवी. त्याच्या आधीही नको, नंतरही नको." आयुष्यात पहिल्यांदा काकांना न हलणारी तारीख भेटली होती.

परतताना काका वाटेत थांबले. "ताई, अर्जात प्रकरण कसं निर्माण झालं असा रकाना आहे ना?"

"तो मी भरते. मालकास खोलीची गरज, एवढं पुरे."

"नाही. लिपिकाच्या चुकीमुळे, असं लिहा. नाहीतर मी सही करणार नाही."

"निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुमच्या."

"म्हणूनच. नंतर लिहायला जागा नाही मिळायची."

मी लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हा काय प्रकार आहे?" काका म्हणाले, "साहेब, खरं आहे ते." साहेबांनी खाली सही केली. त्यांनीही काकांना पाणी देऊन बसवलं असणार, एरवी असं झालं नसतं.

पुढचे दोन आठवडे काका रोज त्या गुरुजींकडे जात होते आणि रोज हात हलवत परत येत होते. शोभाताईंनी आडगावला खोली बघायला सुरुवात केली. मग एका दुपारी काका म्हणाले, "आमच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. मुलगा पुण्याला. यजमान तिकडे उतरवू."

"हे नियमात बसत नाही," मी म्हटलं.

"चुकीच्या घरी जाणं बसतं का?"

"भाडं घेणार?"

"भाडं घेतलं तर माझी चौकशी लागेल. पाहुणे म्हणून येतील, जेवतील, गंगास्नान करतील, जातील."

गुरुजी जागा बघायला आले तेव्हा मीही गेले होते, कारण काकांवर एकट्याने कुठलंही घर सोपवायचं नाही असं मी आता ठरवलं होतं. स्वतःचंसुद्धा. गुरुजींनी खोल्या पाहिल्या, खिडक्या पाहिल्या आणि बाथरूममध्ये कमोड पाहून थांबले. "आमच्या यजमानांचे गुडघे आता बसू देत नाहीत," ते हळूच म्हणाले. तिथेच अर्धं काम झालं. मग म्हणाले, "पण कांदा-लसूण? ते लोक खात नाहीत."

"गुरुजी, मी देवळ्याचा. आमच्याकडे कांद्याशिवाय चूल पेटत नाही," काका म्हणाले. "पण तेवढे दिवस सोडतो."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मला विचारलंत का?"

"विचारतोय ना."

"कधी? ते जेवायला बसल्यावर?" काकू बाहेर आल्या. गुरुजींना नमस्कार करून माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा हो ताई. ऑफिसात गोंधळ घालायचा यांनी आणि कांदा मी सोडायचा." पण पाठोपाठ त्यांनी गुरुजींना विचारलं, "किती माणसं म्हणालात?"

गुरुजी खूश झाले. शोभा राहू दे, म्हणाले, शब्द दिला. आणि इथे काकांनी असं काही मागितलं जे त्यांनी कधीच कोणाकडे मागितलं नव्हतं. "शब्द नको गुरुजी. तीन वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार."

"अहो, नऊ वर्षं तोंडी चाललंय!"

"म्हणून तर एका चहात मोडलं. उद्या माझ्यासारखा आणखी कोणी चुकून तुमच्याकडे आला तर?"

गुरुजींनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "तुमच्यासारखा आणखी एक आहे?" आणि कागद करायला तयार झाले. करारावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. काकांचीही होणार होती, पण ते चष्मा घरी विसरले होते आणि न वाचता सही करायची नाही असं त्यांनी नेमकं त्याच दिवशी ठरवलं.

काका निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या सेवेचं कौतुक केलं. हार शोभाताईंनी आणला होता, एवढा जाड, की फोटोत काकांचे फक्त डोळे दिसतात. मी माझ्या भाषणात त्या गल्लीतल्या चुकीचा किस्सा सांगितला. सगळे हसले. काका हसले नाहीत. खाली आल्यावर मला म्हणाले, "ताई, चूक ती चूक. बाईला दोन आठवडे झोप नव्हती." मी त्यांना सांगायला हवं होतं, की नऊ वर्षं त्या बाईचं घर एका माणसाच्या मर्जीवर उभं होतं आणि आता कागदावर आहे. सांगितलं नाही. मला तसं बोलता येत नाही. मी त्यांच्या पिशवीत नारळ नीट बसवून दिला.

कक्षाचं काम आता माझ्याकडे आहे. प्रकरण बंद करताना अर्जदाराचा अभिप्राय घ्यावा लागतो. लोक बहुतेक करून 'आभारी आहे' लिहून सही करतात. शोभाताई मागच्या महिन्यात आल्या, पेन मागून घेतलं आणि बराच वेळ लिहीत बसल्या. त्या गेल्यावर मी वाचलं. मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अशीच चूक आमच्या शेजारी कमलबाईंच्या घरी पण करावी. त्यांचाही कागद नाही.'

सिंहस्थ जवळ येतोय. कमलबाईंच्या मालकाला आज ना उद्या खोली आठवणारच आहे. त्याच्या आधी पोहोचलेलं बरं, असा मी हिशेब केला. अर्ज नव्हता, तक्रार नव्हती. सोमवारी मी त्या दारात जाऊन उभी राहिले, काकूंकडे आणखी किती पाहुणे मावतील याचा मनात अंदाज घेत. मालकांनी माझं ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"मॅडम, आमच्याकडून कोणाचीच तक्रार नाही. तुम्ही चुकीच्या घरी आलात."

"हो," मी म्हटलं. "मुद्दामच."