मुरघासावरचा पिवळा धूर

आमच्या सणसरच्या वस्तीवर रंगूबाईने संशय घेतला नाही असा एक माणूस दाखवा, मी मिशी उतरवतो. तिच्या लेखी डेअरीचा काटा खोटा, वायरमन खोटा, पंचांग छापणारासुद्धा खोटा. नवरा गेल्यावर लोकांनी तिला खरंच फसवलं होतं, म्हणून गप्प बसायचं. पण शेजारी म्हणून सांगतो, जीव नकोसा व्हायचा.

औंदा तिने गाईंसाठी मका केली. दुकानदाराने युरियात भेसळ केली असणार असं मनाशी ठरवून दुप्पट युरिया टाकला. धाकटा दीर भीमा नको म्हणाला, तर त्याला आपली मका बघवत नाही, असं तिने सगळीकडे सांगितलं. पुढे कॅनॉलचं पाणी लांबलं, मका सुकायला लागली. मग घाईने कापून, कुट्टी करून तिने ती मुरघासाच्या, म्हणजे ओला चारा आंबवून टिकवायच्या, खड्ड्यात दाबली आणि वर प्लास्टिक ओढलं.

दोन दिवसांनी सकाळी खड्ड्याच्या कडेला तिच्या कोंबड्या मरून पडल्या होत्या. खड्डा भीमाच्या बांधाला लागून, त्यामुळे तिच्या लेखी विष कालवणारा सापडलाच. सगळ्या वस्तीसमोर ती त्याला म्हणाली, बेलभंडारा उचला. हातात बेल आणि भंडारा घेऊन खोटं बोलणाऱ्याला खंडोबा सोडत नाही, असं आमच्याकडे मानतात. भीमा संतापला.

"देवाला कशाला मधी आणता, वैनी? इख असंल तर मीच मरंन की."

असं म्हणून त्याने प्लास्टिक उचकटलं आणि आत उतरला. कुट्टी दबून खड्डा कमरेइतका खाली गेला होता, आणि त्या खोलगटात लालसर पिवळा धूर साचलेला. पिण्याच्या पाण्यात टाकतात त्या टीसीएल पावडरीसारखा उग्र वास आला. भीमाने वाकून मूठभर कुट्टी उचलली आणि त्याला ठसका लागला. आम्ही त्याला ओढून वर काढलं.

थोड्या वेळाने तो ओट्यावर चहा पीत हसत होता. आम्हीही निवांत झालो. रंगूबाई मात्र त्याच्याकडे टक लावून बसली होती. घोट घेता घेता तो मध्येच दम खायला थांबतो, हे तिने हेरलं. तिने त्याच्या पोराला, संदेशला, पिकअप काढायला लावली. दिराला वाचवायला निघाली की विषाचा पुरावा मिळवायला, हे तिलाच ठाऊक. मीही मागे बसलो.

बारामतीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. दोन्ही ठीक होते. पण धुराचा रंग ऐकताच त्यांनी खाट द्यायला सांगितली. हा नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणाले. हवेपेक्षा जड, म्हणून खोलगटात साचतो. घशाला फार झोंबत नाही, त्यामुळे माणूस पळत नाही, आणि वायू फुप्फुसात खोल जाऊन तिथे तेजाब होतो. माणूस हिंडतो, फिरतो, बोलतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं.

भीमा चपला घालू लागला. मला काय धाड भरलीय, घरी चला, म्हणाला. रंगूबाईलाही डॉक्टरांचा संशय आलाच होता. धडधाकट माणसाला खाटेवर घालून बिल वाढवायचा डाव, असं ती माझ्या कानात पुटपुटली होती. ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग दारात आडवी उभी राहिली.

"डॉक्टर खोटं बोलत असतील. पर भावजी, तुमी तर बोलताच. झोपा."

दिवस कलायच्या आत भीमाचे ओठ निळे पडले. खोकल्यातून फेस येऊ लागला, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. लगेच ऑक्सिजन लावला. घरी असता तर हाती लागला नसता, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. रंगूबाईने विचारलं, खड्ड्यात हे आलं कुठून. जादा युरिया आणि पाण्याचा ताण, डॉक्टर म्हणाले. मक्यात नायट्रेट साठतं आणि खड्ड्यात आंबताना त्याचा हा वायू होतो.

मला वाटलं, आता रंगूबाई दुकानदारावर घसरेल. ती भीमाच्या उशाशी गेली.

"भावजी, कोंबड्या तुमी न्हाय मारल्या."

भीमाने मास्क बाजूला केला. "मग कुणी?"

"म्या," ती म्हणाली आणि मास्क परत त्याच्या नाकावर बसवून हाताने दाबून धरला. "आन् तुमालाबी मारलं आस्तं."



नर्स म्हणाली, बाई, हात काढा, मास्क पट्ट्याने नीट बसतो. रंगूबाईचा त्या पट्ट्यावर विश्वास नव्हता.