अपुऱ्या पत्त्याचा खण

बिनचूकराव पोस्टाच्या मागच्या खोलीत टपालाच्या थैल्या फोडून पत्रं गल्लीवार खणांत लावत. त्या खोलीत त्यांची चौतीस वर्षं गेली. त्यांच्या हातून एकही पत्र चुकीच्या खणात गेल्याचं कुणाला आठवत नसे, म्हणून सगळे त्यांना बिनचूकराव म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, फक्त पाठीमागे म्हणताना जरा हसत. कारण हा माणूस घरीही तसाच. चपला दाराशी एका रेषेत, चष्मा उशीच्या डावीकडे, आणि बायकोच्या हातून कधी मीठ जास्त पडलं तर तारखेसकट लक्षात.

बायको मात्र त्यांना पुरून उरणारी होती. दर शनिवारी संध्याकाळी ती दोन खुर्च्या समोरासमोर मांडायची. उद्या देवापुढे जायचं तर आज स्वतःची झडती घ्यायची, हा तिचा खाक्या.

"अहो, या आठवड्यात कुणाचं मन दुखावलंत?"

"कुणाचंच नाही बुवा."

मग ती बोटांवर मोजायला लागायची. पोस्टमन, शेजारीण, चर्चमधला पेटीवाला, आणि शेवटी "मी!" मग दोघं पोट धरून हसायची आणि हसू ओसरलं की प्रार्थनेला बसायची. किती सुखाचे शनिवार होते ते! ती गेल्यावरही बिनचूकराव दोन्ही खुर्च्या मांडत, पण बसत एकटेच. आता परीक्षकही तेच आणि परीक्षार्थीही तेच, त्यामुळे दर आठवड्याला पास.

निवृत्ती महिन्यावर आली, तेव्हा पोस्टमास्तरांनी दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद पुढे केला. "सोमवारपर्यंत सही करून द्या." इकडे लेक सारखी मागे लागली होती, "पप्पा, एकटे काय राहता? या ना आमच्याकडे." तिची मुलगी सहा महिन्यांची झाली होती आणि आजोबांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. जावं, तर ही खोली सुटणार, डिंकाचा आणि तागाचा वास सुटणार, बायकोची कबर सुटणार. शेवटी त्यांनी गुडघे टेकले. "प्रभो, शनिवारपर्यंत लेकीचं पत्र आलं, तर तुझी आज्ञा समजून जातो. नाही आलं, तर सही करतो."

यात एक मेख होती. लेक पत्र लिहायची ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि आता तिसरा चालू होता. वाट देवाला विचारायची आणि उत्तर आपणच ठरवून ठेवायचं, असा सगळा कारभार.

शुक्रवारी दुसऱ्या थैलीतून पत्र निघालं. तेच तिरपं, घाईचं अक्षर. त्यांच्या गल्लीचा खण डोळ्यांसमोर होता. हात मात्र खाली गेला, आणि पत्र अपुऱ्या पत्त्याच्या खणात पडलं. तो खण तेच उघडत, तेही सोमवारी. तोवर पुढचं पत्र हातात आलं होतं. त्यांनी ते जागेवर लावलं.

शनिवारी संध्याकाळी खुर्चीत बसून ते देवाशी हुज्जत घालू लागले. पत्र घरी पोचल्याशिवाय 'आलं' म्हणता येत नाही, असा त्यांचा मुद्दा. बिनतोड होता. तरी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांना बघवेना. ती असती तर पहिल्याच प्रश्नात त्यांची बोबडी वळली असती.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं; मनात खोट ठेवून ती भाकरी घ्यायची नसते. भाकरीचं ताट बाकावरून सरकत आलं आणि बिनचूकरावांना हात उचलवेना. शेजाऱ्याला वाटलं, यांचा डोळा लागला. त्याने हळूच कोपर मारलं. त्यांनी मान हलवली आणि ताट तसंच पुढे दिलं. उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना दारातच गाठलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! देवाकडे उत्तर मागितलं, आणि आलेलं उत्तर मीच दाबून ठेवलंय."

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात? आधी पत्र वाचा."

रविवारच्या दुपारी खोली अगदी शांत होती. त्यांनी उभ्यानेच पत्र फोडलं.

"पप्पा, यांची अचानक बदली झाली, फार लांब. नवा पत्ता खाली दिलाय. शनिवारी संध्याकाळी आमची गाडी तुमच्या स्टेशनवर वीस मिनिटं थांबते. बॅग भरून आलात तर तुमचं तिकीट काढून ठेवलंय. नाहीच आलात, तरी नातीला एकदा बघून जा."

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे ते देवाला नियम शिकवत होते तेव्हा. स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांवर. ते स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मग त्यांनी कागद ओढला. "बाळ, तुझं पत्र उशिरा मिळालं," एवढं लिहून थांबले. कुणीही विश्वास ठेवला असता. टपालाला उशीर होतोच. पण आता खोटं लिहिलं, तर पुन्हा देवापुढे कोणत्या तोंडाने जायचं? त्यांनी ती ओळ खोडली. "तुझं पत्र शुक्रवारीच आलं होतं. मीच लपवलं. इथून उठायची भीती वाटली. मला माफ कर." सोमवारी मुदतवाढीचा कागद त्यांनी कोराच परत केला.

उत्तर यायला अकरा दिवस लागले.

"पप्पा, गाडी सुटेपर्यंत मी हिला खिडकीशी धरून उभी होते. पांढऱ्या केसांचा कुणीही दिसला की 'ते बघ आजोबा' म्हणत होते. मला तुमचा खूप राग आलाय, आणि तो पत्रात मावणार नाही. इकडे या, म्हणजे समोरासमोर भांडता येईल."

बिनचूकराव त्याच दिवशी स्टेशनवर गेले आणि महिनाअखेरचं तिकीट काढलं. तिकीट खिशात घालून घरी परतायचं, ते फलाटावरच थांबले. संध्याकाळची ती गाडी आली. खिडक्यांतून माणसं बाहेर बघत होती, पोरं हात हलवत होती. गाडी सुटेपर्यंत ते तिथेच उभे होते. वीस मिनिटं फार मोठी असतात.