मागून काढलेला फोटो

कोकिळाबाईंच्या दुकानात शाम्पू मागितला तर तो लगेच मिळत नाही. आधी स्टुलावर बसावं लागतं.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतलं ते दुकान एका खोलीएवढंच आहे, मागे सामानाची एक छोटी खोली. दार पूर्वेला. दाराशी लाकडी स्टूल आणि वर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. सकाळी दहा-अकराच्या उजेडात कोकिळाबाई गिऱ्हाइकाला उन्हाकडे पाठ करून बसवतात, शेपटीच्या कंगव्यानं केसांत एक सरळ रेघ पाडतात आणि तिच्यात वाकून पाहतात. मग कानामागे, मग मानेच्या वर. हात चालू असतो तसे प्रश्नही चालू असतात.

"नळाचं पाणी का बोरचं?"

"बोरचं."

"किती दिवसांनी धुते?"

"आठ दिवसांनी. पण तेल रोज लावतो ना वो मी. तरी कोंडा जात नाई."

"तेलानंच होऊन राह्यलं ते. कोरडा कोंडा पिठासारखा झडते. हा पाहा, पिवळसर आहे, चिकटून आहे. याले तेल देणं म्हंजे तणाले खत देणं."

मग औषधी शाम्पूची छोटी बाटली, हप्त्यातून दोनदा, आणि तंबी: "लावला की लगेच धुवून टाकू नको. पाच मिनिट राहू देजो. आणि उशीची खोळ बदल."

कुरळ्या केसांच्या मुलीला त्या कंडिशनर देत, पण तो मुळांना लावायचा नाही, अर्ध्या केसांपासून खाली लावायचा, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेत. रंग लावणारीला सौम्य, कमी फेसाचा शाम्पू. एकदा एक बाळंतीण मूठभर केस कागदात बांधून घेऊन आली. कोकिळाबाईंनी तिला काहीच विकलं नाही. "पोरगं चार महिन्याचं आहे ना? या वक्ताले गळतातच. थांबतीन आपसूक. तू जेव नीट." आणि कोणी म्हणालं, माझ्या जावेनं नेलं तेच द्या, तर उत्तर ठरलेलं: "तिचं डोस्कं घेऊन ये, मंग देतो."

बायका हसायच्या, पण बसायच्या. आठवडी बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बायाही एस.टी. चुकवून बसायच्या. कोकिळाबाईंचा शब्द म्हणजे डोक्यावरचा हात, असं झालं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी कमावलं ते एवढंच होतं.

स्वतःच्या डोक्यावरून मात्र त्यांनी पदर कधी खाली येऊ दिला नाही. लोक म्हणत, तळेगावच्या माहेरचं वळण. कोकिळाबाईही हो म्हणत.

खरं कारण पाच वर्षांपूर्वीचं होतं. एका सकाळी न्हाताना बोटाला डोक्यावर एक गुळगुळीत जागा लागली. मग दुसरी. दोन महिन्यांत चार. चाई पडली होती. वर्ध्याच्या चामडीच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मलम दिलं, धीर धरा म्हणाले. तीन जागी केस आले, आधी पांढरे, मग काळे. चौथी जागा राहिली. डोक्याच्या मागे, डाव्या अंगाला, जुन्या रुपयाएवढी. तिथंच बाजूला लहानपणीची एक खूण होती. बैलबंडीवरून पडल्या तेव्हा टाके पडले होते, त्यावर केस कधी उगवलेच नाहीत. बोटभर वाकडी रेघ आणि तिच्या टोकाला आता हे वाटोळं.

दुनियेच्या केसांची काळजी करणारी बाई, आणि तिच्याच डोक्यावर चाई. हे कळलं तर स्टुलावर कोण बसेल? चंदनजींना, म्हणजे नवऱ्याला, माहीत होतं. पण ते पाहायला तयार नसत. "मले नको दाखवू, कसंतरी होते," म्हणत आणि पेपर वर धरत. माणसाला स्वतःचं काय काय पाहता येत नाही, हे कोकिळाबाईंना तेव्हा कळलं. डोक्याची मागची बाजू त्यातलीच.

अशात सुरभी आली. नणंदेची मुलगी. बी.ए. झाली होती, घरी बसून होती. नणंद म्हणाली, "ठेव वहिनी तुझ्याजवळ, काही शिकेल." मुलगी चुणचुणीत. पहिल्या हप्त्यातच पुड्यांच्या माळा रंगांप्रमाणे लावून मोकळी झाली. पण कंगवा धरायला लागली की हात थरथरायचा. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर शिकता येत नाही. शिकाऊ हात बाईला लगेच कळतो आणि ती उठून जाते.

म्हणून एका दुपारी दुकानाचं दार ओढून कोकिळाबाई स्वतः स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पदर खाली घेतला.

"पाह्य. घाबरू नको. आणि कोनाले सांगू नको."

सुरभी कंगवा घेऊन मागे आली. थोड्या वेळानं तिच्या बोटांचा स्पर्श झाला, अगदी हलका. तोवर डॉक्टर सोडून त्या जागेला कोणी हात लावला नव्हता.

"दुखते का मामी?"

"नाई वो. दुखत असतं तर बरं होतं. सांगता तरी आलं असतं."

दोन वर्षं सुरभी त्या डोक्यावर शिकली. भांग कसा पाडायचा, कातडी लाल कुठं होते, चाईच्या कडेचे केस ओढले तर सुटतात का घट्ट आहेत. दर पंधरा दिवसांनी ती मोबाइलवर फोटो काढायची. मापाला बाजूला टिकलीचं पाकीट धरायची, मामीला दाखवायची, "पाहा, कडेला लव आली," म्हणायची आणि त्यांच्या देखत फोटो पुसायची. "हा घ्या, डिलीट." कोकिळाबाईंना त्या शब्दाचा आवाज आवडायला लागला होता. दार नीट लागल्यासारखा.

मागच्या दिवाळीनंतर सुरभीनं सिंदी मेघेत स्वतःचं दुकान टाकलं. कोकिळाबाईंनी आपला शेपटीचा कंगवा तिला दिला, लाकडी, हाताला बसलेला. "दुसऱ्याच्या डोक्यावर खोटं बोलू नको. बाकी सारं शिकशील." सुरभी पाया पडली, रडलीही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तळेगावहून देवकाबाई आल्या. कोकिळाबाईंच्या माहेरच्या शेजारीण, वय सत्तरीच्या पुढे. सोबत नात रक्षा. तीन आठवड्यांवर तिचं लग्न. तिचा कोंडा कोकिळाबाईच पाहत होत्या. महिनाभरापूर्वी आली तेव्हा बराच कमी झाला होता.

दुकानात आणखी दोघी-तिघी होत्या. रक्षा स्टुलावर बसली, कोकिळाबाईंनी रेघ पाडली आणि हात थांबवला. कातडी लाल होती, ओली. पापुद्रे पुन्हा चिकटले होते आणि सगळ्यावर तेलाचा थर होता.

"काय लावलं हे?"

"तुमचंच तेल, काकू," रक्षा म्हणाली. "रात्रभर ठेवतो. पहिले खाजवते म्हणे, मंग उतरते."

"माहं कोनतं तेल वो?"

देवकाबाई खळखळून हसल्या. "घे! आता आमच्याशीबी लपवते का? सुरभीच्या दुकानात गेलो तं तिनंच सांगतलं ना. तुलेच गुण आला म्हणे त्याचा. माहा तं आधी इस्वास नव्हता. पण मंग फोटू दाखवला पोरीनं मोबाइलमंदी, आन मी म्हटलं, हे तं आपल्या कोकिळेचंच डोस्कं! बंडीवरून पडली होती तू, मीच फडकं बांधून नेलं होतं तुले दवाखान्यात. ते टाके मी नाई वळखणार का?"

रक्षानं मोबाइलवर सुरभीच्या दुकानाची जाहिरात उघडून पुढे केली.

दोन फोटो शेजारी शेजारी होते. डावीकडे केसांत पाडलेली सरळ रेघ, वाकडी खूण, तिच्या टोकाला वाटोळं, आणि कडेला टिकलीच्या पाकिटाचा लाल कोपरा. उजवीकडे दाट काळेभोर केस, कोणाचे तरी. खाली तेलाच्या बाटलीचं चित्र. कोंडा, गळती, चाई, कोरडेपणा, सगळ्याला एकच तेल.

दुकानातल्या दोघी जवळ सरकून पाहायला लागल्या. कोकिळाबाईंनी मोबाइल परत दिला, "येतो," म्हणून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी सुरभीला फोन लावला.

"बोला मामी! जेवण झालं?"

"माहा फोटो काऊन टाकला?"

पलीकडे सुरभीनं पंखा बंद केला.

"चेहरा कुठं आहे मामी त्यात? नाव नाही, काही नाही. कोण ओळखणार?"

"देवकाबाईनं वळखलं."

"त्या... त्यांना मीच तर सांगितलं. म्हणजे, त्या विश्वास ठेवत नव्हत्या. तुमचं नाव घेतलं की बायका दुसरं काही विचारतच नाहीत. मी वाईट थोडीच काही बोलली? बरं झालं असंच सांगितलं."

"तू तर पुसत होती."

"काय?"

"फोटो. माह्या समोर पुसत होती."

"मामी, फोनमध्ये पुसलेलं महिनाभर राहतं आत. सगळ्यांना माहीत आहे." मग जरा नरम आवाजात, "तुमचे तीन ठिकाणचे आलेच ना केस? तेवढं तर खरंच आहे. तुम्ही फक्त काही बोलू नका. एवढं करा माझ्यासाठी."

कोकिळाबाईंनी फोन ठेवला. त्या खोलीत नव्या बाटल्यांची खोकी होती, चंदनजींचा दुसरा चष्मा होता. भिंतीला टेकून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. सुरभी शिकली होती, नीट शिकली होती. फोटोतली रेघ किती सरळ होती.

बाहेर आल्या तेव्हा रक्षा अजून स्टुलावरच होती. मांडीवरच्या पिशवीतून त्या तेलाची बाटली डोकावत होती, अर्धी संपलेली.

"हे बंद कर आजपासून," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुह्या कोंड्याले तेल चालत नाई. आग होऊन राह्यली ना? ते उतरणं नोहे, वाढणं होय."

रक्षा आजीकडे पाहायला लागली.

"पण तुले तं गुण आला ना वो," देवकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा संशय होता. "मंग पोरीले काऊन नाई म्हणते? का भाचीचं दुकान चालून राह्यलं म्हणून?"

एक बाई फिसकन हसली.

हो म्हटलं असतं तर पोर तीन आठवडे ते तेल लावत राहिली असती आणि जखमांचं डोकं घेऊन बोहल्यावर चढली असती. नुसतं नाही म्हटलं तर मामी-भाचीचं भांडण झालं असतं, आणि बायकांनी त्याची चव घेत तेल लावलं असतं. आता कोकिळाबाईंच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं. ते सगळं त्या फोटोत गेलं होतं.

"उठ," त्या रक्षाला म्हणाल्या.

मग स्वतः स्टुलावर बसल्या, उन्हाकडे पाठ करून, आणि त्यांनी पदर खाली घेतला. अंबाडा सोडला. कंगव्याची शेपटी मागे नेऊन अंदाजानं रेघ पाडली. ती वाकडी गेली.

"पाहा. सारे पाहा. कुठं आले केस?"

रस्त्यावरून एक ऑटो गेला. देवकाबाई हळूहळू जवळ आल्या, वाकल्या. त्यांचा श्वास मानेला लागला.

"वा माय," त्या एवढंच म्हणाल्या. "हे तं तसंच आहे."

रक्षानं बाटली काढून दाराबाहेर, नालीच्या कडेला ठेवली.

कोकिळाबाईंनी तिला पूर्वीचाच औषधी शाम्पू दिला, आणि लाली उतरली नाही तर चार दिवसांत डॉक्टरांकडे जा म्हणून बजावलं. आवाज नेहमीचाच होता. पदर पुन्हा डोक्यावर आला होता, पण आता सगळ्यांच्या नजरा पदरावरच होत्या.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "पोरीचं नाव खराब केलंस वहिनी. चार बायांसमोर डोकं उघडं करायची लाज नाही वाटली?" कोकिळाबाईंनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तो फोटो जाहिरातीतून निघाला आणि त्याच्या जागी दुसरा आला, दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्याचा. तो पाहून कोकिळाबाईंना पहिल्यापेक्षा जास्त लागलं. ही कोण? हिनं कोणासमोर पदर खाली घेतला असेल?

गिऱ्हाइकं काही तुटली, बरीचशी येत राहिली. काही आधी पदराकडे पाहतात, मग स्टुलावर बसतात. एक-दोघी कुजबुजत म्हणाल्या, "ताई, मलेही आहे एक जागा, दाखवू का?" त्यांना कोकिळाबाई मागच्या खोलीत नेतात, नीट पाहतात आणि डॉक्टरांचा पत्ता देतात. एकीनं विचारलं, लक्षात राहावं म्हणून मोबाइलवर फोटो काढता का? "नाई," त्या म्हणाल्या, इतक्या चटकन की ती बाई दचकली.

लग्नानंतर रक्षा माहेरपणाला आली ती सरळ दुकानात शिरली. हातात हिरवा चुडा, डोकं स्वच्छ. कोकिळाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दुकानातलाच एक हात-आरसा त्यांनी फळीवर टेकवला होता, दुसरा हातात धरून मागे नेला होता आणि मान तिरपी करून दोन्हींचा मेळ बसवत होत्या. एकात पुड्यांच्या माळा दिसत होत्या, दुसऱ्यात छत.

रक्षा क्षणभर दारातच थांबली. मग पुढे आली.

"काकू, मी पाहू का? लव आली का ते सांगतो."

कोकिळाबाईंनी आरसा खाली केला. मुलीच्या हाताकडे पाहिलं. मेंदी अजून पुरती उतरली नव्हती, बोटं स्थिर होती. चांगला हात होता. शिकवला तर पटकन शिकला असता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. पदर डोक्यावर घेतला. "दिसते मले."

आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. "बस. सासरी पाणी नळाचं आहे का बोरचं?"